सकाळचे रंग, दुपारचे आराखडे

स्वित्झर्लंडमधील जुरा पर्वताच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर, ला शो-द-फों हे गाव वसले आहे. घड्याळे बनवणे हा या गावाचा पिढीजात उद्योग. १७९४ साली लागलेल्या आगीत गाव बेचिराख झाले आणि पुढे त्याची नव्याने आखणी झाली, तेव्हा सरळ समांतर रस्ते आणि त्यांच्या कडेने घरांच्या लांब रांगा अशी रचना करण्यात आली. घरात बसून घड्याळाचे बारीक भाग घडवणाऱ्या कारागिराच्या टेबलावर दिवसाचा उजेड पुरेसा पडावा, हा त्या रचनेचा एक मोठा लाभ होता. खिडकी कुठे असावी हे त्या गावात कारागिराच्या हातातल्या कामावरून ठरत असे.

या गावात ६ ऑक्टोबर १८८७ रोजी शार्ल-एदुआर जानरे यांचा जन्म झाला. पुढे जग त्यांना ल कॉर्ब्युझिए या नावाने ओळखू लागले आणि भारतात तर चंदीगडचे शिल्पकार म्हणून ते घरोघरी ठाऊक झाले. वडील घड्याळांवर मिन्याचे काम करीत. आई पियानो शिकवी. थोरला भाऊ संगीताकडे वळला. धाकट्याला मात्र चित्रकार व्हायचे होते.

गावच्या कलाशाळेत त्यांना प्रथम घड्याळाच्या झाकणांवर कोरीव नक्षी करण्याचे शिक्षण मिळाले. पण डोळे अधू होते आणि त्या बारीक कामाचा ताण त्यांना सोसवेना. शार्ल लेप्लातनिए हे तेथील शिक्षक. विद्यार्थ्यांना वर्गात बसवण्यापेक्षा रानात नेऊन झाडांची वाढ, पानांची ठेवण, दगडांचे थर न्याहाळायला लावणारे. या मुलाने वास्तुकलेकडे वळावे असा त्यांनी आग्रह धरला. शिष्याला तो निर्णय मनापासून रुचला नव्हता, तरी त्याने तो मानला. गुरूंनीच मिळवून दिलेल्या कामातून, वयाची वीस वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, त्यांच्या हातून पहिले घर उभे राहिले. त्या घराच्या दर्शनी भागावर जुरातल्या पाइन वृक्षांच्या आकृतींची नक्षी आहे. चित्रकार होण्याची इच्छा मागे पडली, पण विझली नाही. पुढच्या साऱ्या आयुष्यावर तिची सावली आहे.

१९०७ साली ते इटलीच्या प्रवासाला निघाले. फ्लॉरेन्सजवळ एमा येथे कार्थुशियन संन्याशांचा एक जुना मठ आहे. तेथे प्रत्येक संन्याशाला स्वतःचे छोटे घर असते. निजण्याची खोली, हातांनी काही घडवण्यासाठी एक कामाची जागा आणि दरीकडे उघडणारी लहानशी बाग. प्रार्थनेला आणि भोजनाला सर्वांनी एकत्र यायचे, एरवी ज्याने त्याने आपल्या एकांतात राहायचे. वीस वर्षांच्या त्या तरुणाच्या मनावर हे चित्र कायमचे ठसले. १९११ साली ते पुन्हा मुद्दाम तेथे गेले. काम करणाऱ्या माणसाला एकांत हवा, उजेड हवा, समोर झाड किंवा आकाश हवे आणि हाकेच्या अंतरावर माणसेही हवीत. हा हिशेब त्यांनी पुढे चित्रकाराच्या घरापासून मोठ्या वसाहतींपर्यंत पुन्हा पुन्हा मांडला.

पॅरिसमध्ये ऑग्युस्त पेरे यांच्याकडे त्यांनी काँक्रीटचे तंत्र शिकून घेतले. दिवसाचा निम्मा वेळ नोकरी आणि उरलेला ग्रंथालयांत व संग्रहालयांत, असा त्यांचा क्रम होता. बर्लिनजवळ पीटर बेरेन्स यांच्या कार्यालयात काही महिने काढले. १९११ साली इस्तंबूल आणि अथेन्सपर्यंतचा मोठा प्रवास केला. हातात रेखाटनाची वही सदैव असे, आणि ती सवय अखेरपर्यंत टिकली. १९१७ साली त्यांनी जन्मगाव सोडून पॅरिसमध्ये कायमचे बिऱ्हाड केले. तेथे पेरे यांच्यामार्फत आमेदे ओझांफां या चित्रकाराशी त्यांची ओळख झाली. वास्तुकलेच्या आग्रहाखाली दडपलेला चित्रकार या मैत्रीने जागा झाला. १९१८ साली त्यांनी पहिले म्हणावे असे तैलचित्र रंगवले. शेकोटीच्या वरच्या फळीवर ठेवलेला एक पांढरा घन आणि पुस्तके, एवढाच त्याचा विषय. त्याच सुमारास रात्री-अपरात्री रेखाटन करताना एका डोळ्याची दृष्टीही त्यांनी गमावली. उरलेल्या एका डोळ्यावर त्यांनी पुढची सत्तेचाळीस वर्षे चित्रे काढली आणि इमारती रचल्या.

दोघा मित्रांनी आपल्या चित्रपद्धतीला शुद्धतावाद असे नाव दिले. बाटली, पेला, ताटली, गिटार अशा नित्याच्या वस्तू घ्यायच्या, त्यांवरचा सारा अलंकार दूर सारायचा आणि स्वच्छ बाह्यरेषा, नेमका आकार, शांत रंग एवढेच ठेवायचे. १९२० साली त्यांनी एक नियतकालिक सुरू केले. त्यात वास्तुकलेवर लिहिण्यासाठी जानरे यांनी आजोळच्या एका पूर्वजाच्या नावावरून ल कॉर्ब्युझिए हे टोपणनाव घेतले. चित्रांवर मात्र ते आणखी काही वर्षे जानरे अशीच सही करीत राहिले. एकाच माणसाची ही दोन नावे म्हणजे त्याच्या दोन आयुष्यांमधली रेघच होती.

ही रेघ १९२२ साली एका घरात पुसली गेली. ओझांफांना पॅरिसच्या दक्षिण भागात, माँसुरी उद्यानाजवळ रस्त्याच्या कोपऱ्यावर राहते घर आणि चित्रशाळा बांधायची होती. जागा अडचणीची, पैसा बेताचा. आपले चुलतभाऊ पिएर जानरे यांच्या साथीने ल कॉर्ब्युझिए यांनी आराखडा केला. खाली मोटार ठेवण्याची जागा, बाहेरून चढणारा गोल जिना, मधल्या मजल्यावर राहण्याच्या खोल्या आणि सर्वांत वर, जेथे रस्त्यावरची धूळ आणि शेजारच्या घरांची सावली पोहोचत नाही तेथे, दोन मजले उंचीची चित्रशाळा.

ही चित्रशाळा त्या काळी पाहणाऱ्यांना नवलाची वाटली. तिच्या कोपऱ्याच्या दोन्ही भिंती जवळजवळ पूर्ण काचेच्या होत्या आणि छतातूनही काचेवाटे उजेड उतरत असे. मुंबईच्या किंवा अहमदाबादच्या कापड गिरण्यांचे करवतीच्या दात्यांसारखे छप्पर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या घराच्या माथ्याची कल्पना चटकन येईल. गिरणीत सुताचा धागा दिसावा म्हणून जी युक्ती वापरत, तीच येथे रंगाची छटा पारखता यावी म्हणून वापरली होती. दोन बाजूंनी आणि वरून उजेड आल्याने कॅनव्हासवर हाताची गडद सावली पडत नसे. एका अंगाला शिडीवजा जिन्याने चढून जाण्याचा लहानसा पोटमाळा होता, तेथे पुस्तके. घराचा बाहेरचा आकारही मालकाच्या चित्रांसारखाच होता. स्वच्छ कडा, साधे पांढरे पृष्ठ, नक्षीचा मागमूस नाही.

पॅरिसमध्ये कलावंतांच्या उंच खिडक्यांच्या चित्रशाळा पूर्वीही होत्या. ल कॉर्ब्युझिए यांनी त्यांतले मर्म उचलले. उंच मोठी एक जागा, तिच्या पोटात अर्ध्या उंचीचा माळा आणि एका बाजूला भरपूर काच, ही रचना केवळ चित्रकारासाठी का असावी, असा विचार त्यांनी केला. सर्वसामान्य कुटुंबासाठी त्यांनी जी घरे कल्पिली, त्यांतही हीच उंच खोली आणि हाच माळा दिसतो. उजेड आणि मोकळी उंची या गोष्टी तोवर कलावंताच्या किंवा धनवंताच्या वाट्याच्या समजल्या जात. त्या सर्वांना मिळाव्यात ही त्यांची धडपड होती.

मात्र प्रत्येक कलावंताला एकाच मापाची जागा त्यांनी दिली नाही. पॅरिसच्या सीमेवरील बुलोन्य येथे झाक लिपशित्झ आणि ओस्कार मिएश्चानिनोफ या दोन शिल्पकारांसाठी त्यांनी घरे बांधली. चित्रकाराची चित्रशाळा त्यांनी आकाशाजवळ नेली होती. शिल्पकाराची कार्यशाळा त्यांनी जमिनीवर आणली. दगडाची शिळा जिन्यावरून चढवता येत नाही आणि घडवलेली मूर्ती जिन्यावरून उतरवता येत नाही. म्हणून लिपशित्झ यांच्या घरात तळाला उंच छताची प्रशस्त कार्यशाळा आणि तिच्यावर राहण्याची जागा अशी उतरंड झाली. दोन्ही घरांचे रूप एकाच घराण्याचे आहे. फरक आहे तो हातातल्या कामाचा, आणि त्या कामानेच घराची वर-खाली ठरवली. ला शो-द-फोंच्या घड्याळजींची खिडकी त्यांच्या विस्मरणात गेली नव्हती.

तिसरे घर राऊल ला रोश या स्विस बँकरचे. ला रोश स्वतः चित्रकार नव्हते, पण पिकासो, ब्राक, लेजे यांच्या चित्रांचा उत्तम संग्रह त्यांच्याजवळ होता. तो जमवून देण्यात ओझांफां आणि ल कॉर्ब्युझिए या दोघांचाही हात होता. १९२३ ते १९२५ या काळात उभ्या राहिलेल्या या घरात चित्रांसाठी वक्र भिंतीचे एक दालन आहे. भिंतीला धरून एक उतरण हळूहळू वर जाते. चालणाऱ्याचे पाऊल पुढे पडते तसतसे तेच चित्र वेगळ्या उंचीवरून, वेगळ्या कोनातून दिसते. आतल्या भिंतींना दिलेले मातकट तांबडे, निळे, करडे रंग त्यांच्या स्वतःच्या चित्रांतल्या रंगांचे सोयरे होते.

याच घराने एक मैत्री मोडली. चित्रे कोठे आणि किती टांगावीत यावरून दोघांत बेबनाव झाला. काही भिंती रिकाम्याच राहाव्यात, भिंतीलाही स्वतःचे मोल असते, हा ल कॉर्ब्युझिए यांचा हट्ट. भिंत चित्रांसाठी असते, हा ओझांफां यांचा. मतभेदाला इतरही कारणे होती, पण १९२५ नंतर दोघांचे मार्ग वेगळे झाले. ज्या मित्राने त्यांना रंग हाती घ्यायला लावले, ज्याच्यासाठी त्यांनी आपली पहिली चित्रशाळा रचली, तो मित्र कायमचा दुरावला.

यानंतर एक विलक्षण कालखंड येतो. वास्तुकार म्हणून त्यांची कीर्ती जगभर पसरत असताना चित्रकार जानरे जणू भूमिगत झाला. १९२३ पासून १९३८ पर्यंत त्यांनी आपली चित्रे जाहीर प्रदर्शनात मांडली नाहीत. वास्तुकाराला लोकांनी गंभीरपणे घ्यावे, त्याच्या हौशी चित्रकारीची चेष्टा होऊ नये, असे त्यांना वाटे. पण चित्र काढण्यात एका दिवसाचा खंड पडू नये याची काळजी ते घेत. दिनक्रम ठरलेला होता. सकाळ चित्रांची आणि दुपार इमारतींची. रु द सेव्र या रस्त्यावरील जेझुइटांच्या एका जुन्या मठाचा लांबलचक बोळ हे त्यांचे कार्यालय. देशोदेशींचे तरुण तेथे टेबलांच्या रांगेत आराखडे काढत. साहेब दुपारी येत. सकाळी ते कोठे असतात हे ठाऊक असले, तरी तेथे जाण्याची मुभा फार थोड्यांना होती.

सकाळची जागा त्यांनी स्वतःसाठी बांधली होती. पॅरिसच्या पश्चिम सीमेवर १९३१ ते १९३४ या काळात त्यांनी आणि पिएर यांनी सदनिकांची एक इमारत उभारली आणि तिच्या माथ्यावरचे दोन मजले आपल्याकडे ठेवले. एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला चित्रशाळा, वर कमानदार छत. शेजारच्या घराला लागून असलेली सामाईक भिंत ओबडधोबड दगड-विटांची होती. ती गिलाव्याखाली झाकणे सहज शक्य होते. त्यांनी ती तशीच उघडी ठेवली. घोटीव पांढऱ्या भिंतींसाठी ख्यात असलेला हा माणूस तीस वर्षे रोज सकाळी त्या खडबडीत भिंतीच्या सोबतीत रंगवत बसला. त्यांच्या उत्तरायुष्यातील इमारतींत काँक्रीट उघडे राहिले, फळ्यांचे ठसे दिसू लागले, दगड-वीट गिलाव्याबाहेर आली. त्या बदलाची चाहूल त्या सकाळच्या भिंतीत लागते. चित्रेही बदलली. बाटल्या-पेल्यांच्या जागी शिंपले, हाडे, दोरखंड, मानवी देह आले. घरात उजेड मात्र अतोनात येई आणि पत्नी इव्होन यांना तो सोसत नसे. काचेच्या मोहाची किंमत त्यांच्या अनेक घरांतील माणसांनी उन्हाळ्यात, हिवाळ्यात आणि पावसाळ्यात मोजली, हेही नमूद केले पाहिजे.

त्यांच्या चरित्रातला सर्वांत खुपणारा प्रसंग भिंतीशीच निगडित आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, रोकब्रून गावाजवळ, आयलीन ग्रे या आयरिश कलावतीने १९२६ ते १९२९ या काळात समुद्राकाठी एक घर बांधले. घराची योजना तिची, आतले सामानही बहुतांशी तिच्याच कल्पनेतले. खाट, टेबल, कपाट, पडदा यांतली प्रत्येक वस्तू राहणाऱ्याच्या हालचालीचा विचार करून घडवलेली. ल कॉर्ब्युझिए यांना ते घर फार आवडे. ग्रे तेथून निघून गेल्यानंतर, १९३८-३९ साली, घराचे मालक आणि आपले स्नेही झां बादोविची यांच्या संमतीने त्यांनी त्या शांत पांढऱ्या भिंतींवर भडक रंगांची मोठी चित्रे काढली. जिने घर रचले तिला कोणी विचारले नाही. ग्रे यांच्या मनाला ती जखम जन्मभर राहिली. आणखी क्लेशदायक हे की, पुढे बराच काळ ते घर त्यांचेच असा अनेकांचा समज होता.

रिकाम्या भिंतीच्या मानासाठी ज्यांनी मित्राशी वैर पत्करले, त्यांनी दुसऱ्या कलावंताची रिकामी भिंत मोकळी सोडली नाही. ओझांफां आणि लिपशित्झ यांच्या गरजा त्यांनी बारकाईने ओळखल्या होत्या, पण येथे ती समज त्यांना सोडून गेली. दीड दशक कोंडलेला चित्रकार भिंत दिसताच अनावर झाला, असे त्याचे स्पष्टीकरण देता येते, समर्थन देता येत नाही. आज त्या घराचा जीर्णोद्धार झाला आहे आणि भित्तिचित्रेही जपली आहेत. ग्रे यांचे नाव आता त्या घरावर ठळकपणे आहे.

त्याच घराच्या वरच्या बाजूला, १९५२ साली, त्यांनी स्वतःसाठी लाकडाची एक खोली बांधली. योजना आदल्या वर्षीच्या ३० डिसेंबरला पाऊण तासात रेखाटलेली, पत्नीला वाढदिवसाची भेट म्हणून. लांबी-रुंदी ३ मीटर ६६ सेंटिमीटर, उंची २ मीटर २६ सेंटिमीटर. त्यात दोन खाटा, एक टेबल, थोडे सामान, समुद्राकडे छोट्या खिडक्या. स्वयंपाकघर नाही, कारण शेजारीच स्नेह्यांची खाणावळ होती. काही पावलांवर एक साधी छपरी, तीच त्यांची उन्हाळ्यातली कामाची जागा. नगरे रचणाऱ्या माणसाने आपल्यासाठी मागितलेली जागा एवढीच होती. एमाच्या मठातील संन्याशाचे घर पंचेचाळीस वर्षांनी असे पुन्हा प्रकट झाले.

तोवर त्यांच्या आयुष्यात भारत आला होता. १९५१ च्या आरंभी ते पंजाबच्या नव्या राजधानीच्या कामासाठी पहिल्यांदा येथे आले. अहमदाबादनेही त्यांना बोलावले आणि तेथे त्यांच्या चार इमारती उभ्या राहिल्या. पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी त्याच वर्षी रु द सेव्रच्या बोळात दाखल झाले. पुढे अहमदाबादच्या कामांवर देखरेख करण्यासाठी ते भारतात परतले आणि तेथेच त्यांनी आपली स्वतंत्र परंपरा उभी केली.

चंदीगडमध्ये चित्रकार आणि वास्तुकार यांना वेगळे ठेवण्याची गरज उरली नाही. उच्च न्यायालयाच्या दालनांत आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर जाड विणीची प्रचंड चित्रवस्त्रे लावायचे त्यांनी ठरवले. नऊ चित्रवस्त्रे, त्यांतले मुख्य न्यायमूर्तींच्या दालनातले १४४ चौरस मीटरचे. रेखाटन त्यांचे, विणकाम काश्मीरच्या कारागिरांचे. सर्वच न्यायाधीशांना ती रुचली असे नाही. पण भिंत आणि चित्र यांचा जुना वाद येथे वेगळ्या प्रकारे मिटला. भिंतीची गरज भागवण्यासाठीच येथे चित्र आले.

याच शहरात त्यांनी कला शिकणाऱ्यांसाठीही जागा रचली. चंदीगडच्या शासकीय कला महाविद्यालयाचे मूळ लाहोरच्या मेयो स्कूलमध्ये आहे. तिचे पहिले प्रमुख लॉकवुड किपलिंग हे त्याआधी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवत असत. फाळणीत त्या संस्थेचे एक अंग सीमेच्या या बाजूला आले, काही वर्षे सिमल्यात राहिले आणि १९६० च्या दशकात सेक्टर १० मधील नव्या वास्तूत स्थिरावले. बेघर झालेल्या त्या शाळेसाठी ल कॉर्ब्युझिए यांनी बसकी, विटांची, मधल्या अंगणांभोवती पसरलेली इमारत योजिली. वर्गांचे छप्पर असे उचलले आहे की उत्तरेचा स्थिर उजेड आत यावा आणि पंजाबचे ऊन बाहेर राहावे. पॅरिसमधील ओझांफांच्या चित्रशाळेला काचेच्या भिंती होत्या. येथे त्या नाहीत, कारण येथले ऊन वेगळे. येथे भिंत जाड आहे आणि खिडकी वर आहे. चाळीस वर्षांत आलेले शहाणपण त्या दोन छपरांमधल्या फरकात वाचता येते.

विधानभवनाच्या दर्शनी दरवाजासाठी त्यांनी स्वतः चित्र काढले. सूर्याची वाट, नदी, झाडे, प्राणी अशी ही सृष्टी पोलादी पत्र्यांवर मिन्याच्या रंगांत भाजून काढायची होती. त्यासाठी ते फ्रान्समधील कारखान्यात गेले आणि आपल्या हातांनी रंग लावला. १९६४ साली हा दरवाजा फ्रान्सची भेट म्हणून चंदीगडला बसवण्यात आला. वडिलांनी जन्मभर घड्याळांवर मिन्याचे रंग चढवले होते. सत्तरी ओलांडलेल्या मुलाच्या हाती तोच मिना होता, फक्त तबकडीच्या जागी विधानभवनाचे दार होते.

२७ ऑगस्ट १९६५ रोजी रोकब्रूनच्या समुद्रात पोहत असताना त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी त्याच टेकडीवर, पत्नीच्या शेजारी, त्यांनीच रेखाटलेली आहे. ओझांफांच्या घराचे करवती छप्पर कालांतराने काढून टाकण्यात आले आणि तेथे आता सपाट गच्ची आहे. चंदीगडच्या सेक्टर १० मधील वर्ग मात्र भरतात. सकाळी विद्यार्थी येतात, चौकटी मांडतात आणि उत्तरेकडचा उजेड त्यांच्या कोऱ्या कागदावर पडतो.